चित्रकारांच्या पुस्तकात चित्रंही छापा : मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

समस्त मराठी प्रकाशक मंडळींना,
स.न.वि.वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीचं, सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथली ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे झाडू मारणारी, कुलूप लावणारी, पेपरवाल्याचं बिल चुकवणारी आणि लोकांच्या घरी जाऊन अडकलेली पुस्तकं परत मागणारीही मीच. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली, इंटरमिजिएटला 'ब' श्रेणी आली. चित्रकलेशी माझा कागदोपत्री संबंध तेवढाच. पण संध्याकाळी शाळा सुटल्यावर दहा-पंधरा पोट्टे वाचनालयात येतात, सतरंजीवर बसतात, आणि त्यांना सगळ्यात आधी जे हवं असतं ते चित्रांचं पुस्तक. त्यांच्यामुळे हे पत्र.

आमच्याकडे 'कला' असं लिहिलेली एक फळी आहे. चित्रकारांची चरित्रं, जगाच्या कलेचा इतिहास, अजिंठा-वेरूळ, आधुनिक चित्रकला असं सगळं त्या एका फळीवर मावतं. अनुदानातून घेतलेली, कुणी दान दिलेली, गठ्ठ्यात आलेली. यातल्या बहुतेक पुस्तकांत चित्रंच नाहीत. शब्द आहेत, भरपूर आहेत, बरेच चांगलेही आहेत. 'चित्रातल्या डाव्या कोपऱ्यातला निळा पाहा' असं लेखक मनापासून सांगतो आणि आम्ही डाव्या कोपऱ्यात पाहतो तर तिथे पान क्रमांक असतो.

काहींत चित्रं आहेत, पण ती मधोमध एका आठपानी गठ्ठ्यात, काळी-पांढरी, दोन पोस्टाच्या तिकिटांएवढी. तो गठ्ठा मध्येच का येतो ते मला कळतं. चित्रांचा कागद वेगळा, त्याचा फर्मा वेगळा छापायचा आणि बांधताना मध्ये घालायचा, ते स्वस्त पडतं. पण मग पान ४३ वर वाचायचं, पान ९६ नंतर उलटून पाहायचं, परत ४३ वर यायचं, एवढा खटाटोप सहावीतलं पोरगं करत नाही. मीही करत नाही, खरं सांगायचं तर.

(आमच्या बाजूचा दोषही सांगून टाकते. दोन पुस्तकांतली रंगीत पानं ब्लेडने कापून नेलेली आहेत. शाळेच्या प्रोजेक्टसाठी. कापणारा कोण ते मला माहीत आहे आणि तो आता तलाठी कार्यालयात लागला आहे.)

मिले या फ्रेंच चित्रकाराचं १८५७ सालचं एक चित्र तुम्हाला ठाऊक असेल. कापणी झालेल्या वावरात तीन बाया वाकून पडलेली कणसं वेचताहेत. आमच्या फळीवरच्या पुस्तकात त्याचं भाषांतर 'धान्यकण वेचणाऱ्या स्त्रिया' असं केलंय. छापलेलं चित्र इतकं काळं की त्या बायांच्या मागे नुसता धूर दिसतो. एका पोरीने विचारलं, "ताई, ह्या काय शोधून रायल्या? चप्पल?" मी म्हटलं, "अगं, सरवा वेचताहेत." तेव्हा एकदम सगळ्यांना कळलं. सरवा! गहू-सोयाबीन निघाल्यावर जो वावरात राहतो तो. यांच्यातल्या निम्म्यांच्या आज्या तो वेचत मोठ्या झाल्या. लेखकाला हा शब्द आठवला नाही, ठीक आहे, पुण्या-मुंबईत सरवा कुठे असतो. पण चित्र तरी नीट छापलं असतं!

कारण त्या चित्राची सगळी गोष्ट त्या धुरात आहे. ते मला पुढे चार वर्षांनी कळलं, जेव्हा एका निवृत्त इंजिनियर काकांनी नागपूरचं घर आवरताना आम्हाला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. तीन किलोच्या वर वजन, चकचकीत कागद, किंमत पौंडांत. ते कपाटात कुलपात असतं आणि पोरं हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नाहीत. त्यात हेच चित्र पानभर आहे. तिथे दिसतं की बायांच्या मागे दूरवर सोनेरी उजेडात मोठमोठ्या गंज्या रचल्यात, गाडी भरते आहे, बरीच माणसं कामाला लागलीत आणि उजवीकडे घोड्यावर बसून एक मुकादम देखरेख करतोय. एवढं पीक तिकडे, आणि इकडे सावलीत एकीच्या डोक्याला निळा रुमाल, दुसरीच्या लाल, आणि हातात मूठभर कणसं. पॅरिसच्या शहाण्या लोकांना १८५७ साली हे चित्र का बोचलं हे आमच्या पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. फक्त दिसावं लागलं.

याच इंग्रजी पुस्तकात देगाचं एक चित्र आहे. त्याच्यामुळे तर मी तुम्हाला लिहायला बसले. देगा म्हणजे नाचणाऱ्या मुलींची चित्रं काढणारा, एवढंच मला माहीत होतं. पण त्याची आई अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या घरातली, आणि तिथे त्याच्या मामाची कापसाची पेढी होती. १८७२ च्या ऑक्टोबरात तो तिकडे गेला, काही महिने राहिला आणि १८७३ साली त्याने मामाच्या पेढीचं चित्र रंगवलं. मधोमध लांबलचक टेबलावर पांढरीशुभ्र रुई पसरलीय. भोवती काळ्या कोटातली माणसं. देगाचा एक भाऊ खिडकीला टेकून उभा, दुसरा खुर्चीत पेपर वाचतोय, उजवीकडे चोपड्यांवर एक जण वाकलेला. आणि अगदी पुढे उंच टोपी घातलेला म्हातारा मामा, हातात कापसाचा पुंजका.

मी पुस्तक उघडून सतरंजीवर ठेवलं आणि नाव सांगितलं नाही. विचारलं, तो बुढा काय करतोय? सातवीतला एक पोट्टा, ज्याचा बाप दर साली हंगामात जिनिंगला कापूस नेतो, त्याने क्षणभरही वेळ लावला नाही. "धागा पाहून रायला, ताई. असा दोन्ही हातानं ओढून पाहतेत. लांबी किती भरते ते." दुसरा म्हणाला, "अन् मंग म्हनतेत, ओलावा हाये, कट्टी लागन." (कट्टी म्हणजे ओलाव्यापायी केलेली काट.) मग तो टेबलाजवळचा माणूस अडत्या का ग्रेडर यावर वाद झाला. पेपर वाचणारा भाऊ हा मालकाचा पोरगा असणार, कारण काम करत नाही, हे एकमताने ठरलं. (तो मालकाचा पोरगा नव्हता, चित्रकाराचा भाऊ होता, पण अंदाज फार चुकला असं मला वाटत नाही.)

कलेचा इतिहास म्हणतात तो मला त्या अर्ध्या तासात कळला. मग मी त्यांना उरलेलं सांगू शकले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा इंग्रजांची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा गेला तो या कापसासाठीच. म्हणजे देगाचा मामा तिकडे जो पुंजका ओढून पाहत होता, त्याचा भाव आणि आपल्या खापरपणज्याच्या कापसाचा भाव एकाच बाजारात ठरत होता. हे सांगायला मला दुसऱ्या पुस्तकाची गरज पडली नाही, ते चित्र पुरलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे चित्र मोबाइलवर दिसतं की. दिसतं. पण आमच्याकडे मोबाइल बापासोबत वावरात जातो आणि रात्री घरी आल्यावर त्याची बॅटरी संपलेली असते. दुसरं म्हणजे मोबाइलवर सगळी चित्रं सारख्याच मापाची असतात, बोटाने सरकवली की गेली. आणि तिसरं, ज्या चित्राचं नावच कधी ऐकलं नाही ते शोधायचं कसं? पुस्तक सतरंजीवर उघडं असलं की चार डोकी त्यावर वाकतात, भांडतात. मोबाइलवर एकच डोकं वाकतं.

मापाचं म्हणाल तर तेही तुम्ही छापत नाही. मोनालिसा ७७ गुणिले ५३ सेंटिमीटर आहे, म्हणजे आमच्या वाचनालयाच्या खिडकीच्या एका झडपेएवढी. पिकासोचं गेर्निका हे १९३७ सालचं चित्र ३ मीटर ४९ उंच आणि ७ मीटर ७७ रुंद. मराठी पुस्तकात दोन्ही एकाच मापात, एकाखाली एक. गेल्या उन्हाळ्यात आम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर टेप लावून खडूने गेर्निकाचा चौकोन आखला. भिंत संपली, चौकोन संपेना. उरलेला भाग पोरांनी अंगणात दोरी धरून पुरा केला, आणि सरपंचाने येऊन विचारलं की इथे काय बांधायचं चाललंय. चित्राखाली एक ओळ मापाची छापायला शाई किती लागते?

खर्चाचं मला काही अगदीच कळत नाही असं नाही. चार रंगांच्या चार प्लेटा, आर्ट पेपर, आणि प्रती हजाराच्या आत. म्हणून पुस्तक दोन हजारांचं होतं, दोन हजारांचं म्हणून खपत नाही, खपत नाही म्हणून प्रती हजाराच्या आत. हे रहाटगाडगं आहे. पण त्याच महाराष्ट्रात बालभारतीची चाररंगी पुस्तकं मेळघाटातल्या शेवटच्या शाळेपर्यंत जातात, कारण प्रती लाखांनी निघतात. मी लाखाचं म्हणत नाही. मी म्हणते, जाडजूड ग्रंथ काढूच नका. सोळा पानांचा एक फर्मा, मध्ये दोन पिना, साधा मॅपलिथो कागद, एका पुस्तिकेत एकच चित्रकार किंवा एकच चित्र. पूर्ण चित्र एका पानावर, मधल्या घडीत त्याचं डोकं न तोडता. मग समोरच्या पानावर त्याचा एखादा तुकडा मोठा करून. वाचनालयं घेतील, शाळा घेतील, ग्रेडच्या परीक्षेला बसणारी पोरं घेतील. आणि ग्रंथांची निवड करणाऱ्या समित्यांनी कृपा करून पुस्तक हातात घेऊन, उघडून, चित्रं पाहून ते यादीत घालावं. नुसतं शीर्षक वाचून घातलेली पुस्तकं आमच्या फळीवर भरपूर आहेत.

हक्कांचं कारण मला आता कुणी सांगू नये, कारण त्याची मी चौकशी केली आहे. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकार गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, मग चित्र सर्वांचं. मिले १८७५ साली गेला, व्हॅन गॉग १८९०, देगा १९१७. आपल्यातले राजा रविवर्मा १९०६, अमृता शेर-गिल १९४१, धुरंधर १९४४. यांच्या चित्रांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. फोटो कुठून आणायचे? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली आपल्याकडच्या मुक्त चित्रांचे उत्तम फोटो कुणालाही, धंद्यासाठीसुद्धा, फुकट वापरायला खुले केले. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमनेही तसंच केलं आहे. पिकासो मात्र १९७३ साली गेला, त्याच्यासाठी थांबावं लागेल. तोवर आमच्याकडे भिंतीवरचा खडू आहे.

गॉम्ब्रिच यांनी १९५० साली कलेच्या इतिहासाचं आपलं प्रसिद्ध पुस्तक लिहिताना स्वतःला एक नियम घालून घेतला होता : जे चित्र पुस्तकात दाखवता येणार नाही त्याबद्दल लिहायचं नाही. इटलीतल्या वसारीने त्याच्याही चारशे वर्षं आधी चित्रकारांची चरित्रं लिहिली, आणि १५६८ च्या आवृत्तीत लाकडी ठशांनी चित्रकारांचे चेहरे छापले. चित्र जसंच्या तसं रंगात छापायची सोय त्याच्या काळी नव्हती. तुमच्याकडे आहे, तरी तुम्ही अजून चेहरेच छापता. व्हॅन गॉगची दाढी मी चार पुस्तकांत पाहिली. त्याने रंगवलेले बटाटे खाणारे लोक मला मराठीत एकदाही धड दिसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यांचा रंग न सोललेल्या, मातकट बटाट्यासारखा केलाय असं त्याने स्वतः पत्रात लिहिलंय. तो रंग काळ्या-पांढऱ्यात कसा दाखवणार?

आता विदर्भाचं. मला हट्टाने काही सांगायचं नाही, पण कलेचा इतिहास म्हटलं की एकदम पॅरिसहून मुंबईला उतरायचं आणि आम्हाला वरून ओलांडून जायचं, ही सवय लागली आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणं वराहदेवाने करवलं, तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. आमच्या फळीवरच्या अजिंठ्याच्या पुस्तकात वाकाटक आहेत, वत्सगुल्मही आहे, वाशीम नाही. ज्या पोराची आत्या वाशीमला दिली आहे त्याला हे कळलं तर तो ते लेणं वेगळ्या डोळ्यांनी पाहील की नाही?

चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. दुसरे मोठे चित्रकार सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, तेव्हा ते नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होतं, आणि १९३९ ते ४३ ते नागपूरच्या चित्रशाळेत शिकले. मुंबई, पॅरिस नंतर. रझा लहान असताना शाळेतल्या मास्तरांनी, या पोराचं लक्ष कुठेच लागत नाही म्हणून, वऱ्हांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणाले. पुढे बऱ्याच वर्षांनी तो बिंदू त्यांच्या चित्रांत आला आणि मग शेवटपर्यंत राहिला. ही गोष्ट मी आमच्या पोरांना सांगितली आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या भिंतीवर सात ठिपके होते. रझा २०१६ साली गेले, गायतोंडे २००१ साली. त्यांच्या चित्रांसाठी परवानगी लागेल, पैसे लागतील, हे मी मान्य करते. पण सेवाग्रामचं घ्या. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली तिथे आले आणि गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत बरीच वर्षं कला शिकवली. खेड्यातल्या मुलाच्या हातातली कला हा विषय आपल्या शेजारच्या जिल्ह्यात इतका गांभीर्याने केला गेला, आणि त्यावर मुलांच्या हाती देण्याजोगी एक रंगीत मराठी पुस्तिका माझ्या पाहण्यात नाही. गडचिरोलीकडच्या मार्कंड्याची देवळं, रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननात निघालेली शिल्पं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे रंगवलेले पडदे. हे शेवटचं तर लवकर करा. पडदे दर हंगामात फाटतात, नवे फ्लेक्सचे येताहेत.

एक विनंती भाषेची. 'आशयगर्भ अवकाशाची अनुभूती' असं काही लिहिणार असाल तर आधी ते एखाद्या सातवीतल्या पोराला मोठ्याने वाचून दाखवा. तो हसला तर काढून टाका. 'सरवा' मात्र ठेवा.

देगाच्या चित्रावरून शेवटी मला एक प्रश्न आला होता. "ताई, मंग त्या बुढ्याले भाव किती भेटला?" मी रात्री मोबाइलवर शोधत बसले. भावाचं काही मिळालं नाही. पण चित्र रंगवलं त्याच साली, १८७३ मध्ये, मामाची ती पेढी बुडाली, हे मिळालं. दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा सतरंजीवर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग ज्याने कट्टीचं सांगितलं होतं तो म्हणाला, "मालकबी बुडतेत म्हनाव."

तुमच्यापैकी कुणी अशी एखादी पुस्तिका करायला घेतली तर छापण्याआधी डमी आमच्याकडे पाठवा. कुठलं चित्र दिसत नाही, कुठला शब्द अडतो, ते पोरं फुकट सांगतील. फक्त दिवाळीच्या तोंडाशी पाठवू नका. तेव्हा वेचणी असते, पोट्टे वावरात असतात आणि वाचनालयात मी एकटीच. संक्रांतीनंतर पाठवा.

आपली,
एका 'ड' वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल
जिल्हा यवतमाळ